वणवा किती खोल गेला?

अलास्कात फेअरबँक्स शहराच्या आसपास वणव्यानंतर जंगलात शिरणारे संशोधक जळलेल्या शेंड्यांकडे फारसं बघत नाहीत. काळ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या बुंध्याशी गुडघे टेकून ते पट्टीने मुळं मोजतात. मी आज त्या मुळांपासूनच सुरुवात करणार आहे, कारण उत्तरेतल्या आगीची खरी गोष्ट तिथे, घोट्याच्या खाली घडते.

आपल्या डोंगरात फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेलं गवत पेटतं आणि वणवा रात्रीतून कड्यापर्यंत पोचतो. रोपं, घरटी, सरपटणारे जीव जातात, नुकसान मोठंच असतं. पण खालची माती सहसा जळत नाही. उत्तरेत मातीच सरपण असते. तिथल्या थंडीत काही लवकर कुजत नाही. मॉस, म्हणजे शेवाळासारखी गादी, झाडांच्या सुया, मुळं वर्षानुवर्षं थरावर थर साचत राहतात. मॉस बुंध्याभोवती चढत जातं, तसं काळ्या स्प्रूसला खोडातूनच नवी मुळं फुटतात. आगीने मॉस खाल्लं की ही मुळं उघडी पडून अधांतरी लोंबतात. वरच्या मुळापासून आजच्या जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं, थोडी दुरुस्ती करायची, की थर किती जळाला ते कळतं. इतकी साधी आणि इतकी सुंदर मोजणी मी विज्ञानात फार थोडी पाहिली आहे.

हा थर एवढा मोलाचा का? पूर्वी बर्फाची लादी भुशात घालून वर गोणपाट टाकत, आठवतंय ना? मॉसचा थर तेच काम करतो. त्याच्याखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे उन्हाळ्यातही न वितळणारी जमीन असते. भुसा जळाला, वरून काळी राख ऊन पिऊ लागली, की लादी वितळू लागते. जिथे जमिनीत बर्फ जास्त, तिथे जमीन खचते, खड्डे पडतात, त्यात पाणी साचतं. आग विझल्यावरही हे वर्षानुवर्षं चालू राहतं. आणि उत्तरेच्या या गोठलेल्या मातीत साऱ्या वातावरणात आहे त्याच्या सुमारे दुप्पट कार्बन साठलेला आहे.

आता अनाक्तुवुक नदीचा वणवा. जुलै 2007. अलास्काचा अगदी उत्तरेकडचा उतार, झाड नावाला नाही, नुसता टुंड्रा. वीज पडली, आग लागली आणि कोरड्या हंगामात ती ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जळत राहिली. 1,039 चौरस किलोमीटर जळाले. इथे मोजायला स्प्रूसची मुळं नव्हती. तेव्हा संशोधकांनी कापूसगवताचे झुबके धरले. झुबका आगीतून तगतो, त्याच्या पानांच्या बुडावरून जुनी जमीन कुठवर होती ते काढता येतं. हिशेब निघाला सुमारे 21 लाख टन कार्बनचा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव शतकात अख्ख्या आर्क्टिक टुंड्राने वर्षाकाठी सरासरी जेवढा कार्बन शोषला असावा, साधारण तेवढा एका आगीत गेला! उरलेल्या मातीचं वय किरणोत्सारी कार्बनवरून तपासलं, तेव्हा जळालेला थर जास्तीत जास्त 50 वर्षांत साचलेला निघाला.

हे वय महत्त्वाचं आहे. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये 2014 साली मोठे वणवे लागले. तिथेही हाच प्रश्न विचारला गेला: जळलं ते व्याज की मुद्दल? म्हणजे, मागच्या वणव्यानंतर जमलेला कार्बन जळला, की त्याच्याही आधीचा? जुन्या जंगलांत मुद्दल शाबूत होती. पण जिथे मागचा वणवा लागून 60 वर्षंही झाली नव्हती, अशा तरुण जंगलांपैकी अनेक ठिकाणी आग मुद्दलीपर्यंत पोचली होती. वणवा या जंगलाला नवा नाही. काळ्या स्प्रूसची बोंडं तर आगीच्या धगीने उघडतात, बिया राखेवर सांडतात. बिघडतंय ते दोन आगींमधलं वर्षांचं अंतर.

आणि पुढचं जंगल कोणतं, हेही आग किती खोल गेली त्यावरच ठरतं. मॉसचा जाड थर उरला तर पुन्हा स्प्रूस. थराखालची खनिज माती उघडी पडली तर बर्च आणि ॲस्पेनची हलकी बी तिथे रुजते. ही पानझडी झाडं सहज पेटत नाहीत, हा दिलासाच. मूस हरणालाही कोवळे विलो मिळतात. पण कॅरिबू, म्हणजे तिथला रेनडिअर, हिवाळा काढतो तो लायकेनवर. आपल्या मसाल्यातलं दगडफूल हे लायकेनच; त्याची वाढ किती सावकाश असते ते तुम्हाला ठाऊक असेल. जळालेली लायकेनची कुरणं भरून यायला कित्येक दशकं लागतात.

काही आगी तर हिवाळ्यातही मरत नाहीत. बर्फाखाली मातीत धुमसत राहतात आणि वसंतात, वीज पडण्याचा हंगाम येण्याआधीच, जुन्या वणव्याच्या कडेला डोकं वर काढतात.

कॅनडात 2023 मध्ये सुमारे दीड कोटी हेक्टर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास निम्मं क्षेत्र जळालं आणि यलोनाइफ शहरातल्या सुमारे 20,000 लोकांना घरं सोडावी लागली. बातम्यांत क्षेत्रफळ आलं, धूर आला. आग किती खोल गेली ते आलं नाही, याची मला खंत वाटते.

त्याच वर्षी अलास्कात युकॉन फ्लॅट्स या वन्यजीव अभयारण्यात मात्र एक वेगळा निर्णय झाला. वस्तीपासून दूर लागलेला वणवा तिथे बहुधा नुसती नजर ठेवून जळू देत. आता 16 लाख एकरांवरची आग सुरुवातीलाच विझवायचं ठरलं. त्या जमिनीवर वाचवायला गाव नाही, इमारती लाकूड नाही. विझवणारी माणसं पाठवायची ती खालच्या गोठलेल्या मातीसाठी.