काट्यावरची रांग आणि एएमसीचा कागद

राजेहो, भाषणाची मला सवय नाही. वीस वर्षं झाली, कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करतो, वजनकाट्याच्या तारा जोडतो. सॉफ्टवेअरच्या वर्षाच्या मेंटेनन्स करारावर, म्हणजे एएमसीवर, बोला म्हणता, तर आधी एक रात्र सांगतो.

दिवाळी नुकतीच झाली होती. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या चाळीसेक गाड्या उभ्या. काट्याच्या इंडिकेटरवर लाल आकड्यांत वजन दिसतंय, कॉम्प्युटरवर मात्र शून्य. मुनीमजींनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. "तुमची एएमसी गेल्या महिन्यात संपली, आधी पैसे भरा." मालकांनी उभ्या उभ्या मोबाइलवरून भरले. मग तिकडच्या पोरानं तिथूनच स्क्रीन उघडून पाहिली आणि म्हणाला, "सॉफ्टवेअर ठीक आहे, वजनच येत नाहीये. केबल पाहा." पाहिली, तर उंदरानं कुरतडलेली! आणि केबल करारात नव्हती. रात्रभर हातानं पावत्या फाडल्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पावती उलटीपालटी करून विचारलं, "काऊन भाऊ, कम्प्युटरची काऊन नाही देत?" त्याच्या मनात काय आलं, ते आम्हा सगळ्यांना कळलं.

मालक नंतर म्हणाले, "पैसे भरून काय मिळालं?" प्रश्न बरोबर, पण तो जुलैत विचारायचा होता. एएमसी या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: नवीन अपडेट, फोनवरची मदत, आणि माणूस प्रत्यक्ष येणं. कोणाला यातलं एकच मिळतं, कोणाला दोन. आपण पैसे तिन्हींचे समजून देतो. त्यात केबल, प्रिंटर, यूपीएस धरायचे की नाही, हे वेगळं लिहून घ्यावं लागतं.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, टॅलीचंच घ्या. कायमचं लायसन असेल तर वर्षाची टीएसएस, म्हणजे अपडेट आणि मदतीची वर्गणी, संपली म्हणून टॅली बंद पडत नाही. बिल निघतं, खातं दिसतं. म्हणून आपले लोक म्हणतात, चालू तर आहे ना! खरं आहे. 22 सप्टेंबर 2025 ला ठिबकचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, तेव्हा कृषी केंद्रवाल्यांना मालाच्या मास्टरमध्ये, म्हणजे टॅलीतल्या मालाच्या यादीत, दर हातानं बदलता येत होता. एवढ्यासाठी कोणी भीती घालून रिन्यूअल विकत असेल तर विकू द्या, तुम्ही घेऊ नका. अडतं ते सरकारचा साचाच बदलला की. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या वरच्या उलाढालीला होतं. ऑगस्ट 2023 पासून ते 5 कोटींच्या वर आलं. रुईच्या खंडीला 55 हजार भाव धरा: खंडी 356 किलोची, गठाण 170 ची, म्हणजे एका गठाणीचे सव्वीस हजारांच्या आसपास. साधारण 1,900 गठाणी विकल्या की तुम्ही त्या रेषेवर. चालत्या जिनिंगला त्यासाठी पूर्ण मोसम लागत नाही. तिथं जुन्या व्हर्जनवर बसून राहणं महागात जातं.

आणि विंडोज विसरू नका. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. काट्यावरची मशीन तर बऱ्याच ठिकाणी त्याहून जुनी. ती इंटरनेटपासून तोडून ठेवता येत असेल तर ठेवा.

आता तारखेचं. ज्या तारखेला सॉफ्टवेअर विकत घेतलं, दर वर्षी त्याच तारखेला तुमचा करार संपतो. आणि आपण सॉफ्टवेअर घेतो केव्हा? दसऱ्याला! म्हणजे कापूस फाटकात येतो आणि कागद संपतो. विक्रेत्याला सांगा, या वेळी नऊ महिन्यांचंच बिल दे, पुढचा करार जुलैपासून. तो कुरकुरेल, पण पैसे हातातून सुटायच्या आधी बहुतेक जण ऐकतात. पैसे गेल्यावर आपण फक्त फोन लावणारे.

त्याच वेळी लायसनला कोणाचा ईमेल लावलाय तेही पाहून घ्या. मी एका दालमिलमध्ये पाहिला, तर सायबर कॅफेवाल्याचा! कॅफे बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली, आणि रिन्यूअलच्या सगळ्या सूचना तिकडे जात होत्या. मुनीम नोकरी सोडून गेला असेल तर त्याचा मोबाइल नंबरही काढा. पाच युजरचे पैसे भरता आणि खुर्च्या दोन, असंही पुष्कळ ठिकाणी आहे.

मघाशी कोणीतरी विचारलं, करारात काय काय येतं ते लेखी मागितलं तर सॉफ्टवेअरवाला पोरगा रागावेल ना? रागावतो. उंदीरवाल्या मालकांनी पुढच्या जुलैत मागितलंच. बिल 18 टक्के जीएसटीसह होतं, त्याच्या खाली विक्रेत्याकडून पेनानं लिहून घेतलं: मोसमात सहा तासांत माणूस, इंडिकेटरची केबल धरून. विक्रेत्यानं चहा न घेता सही केली. डिसेंबरात उंदीर पुन्हा आला. या वेळी पोरगा वर्ध्याहून मोटरसायकलवर आला, बॅगेत नवी केबल आणि तिच्यावर चढवायला लोखंडी पाइपाचा तुकडा. तो पाइप त्यानं स्वतःच्या पैशानं आणला होता. म्हणाला, मला पुन्हा यायचं नाही.