इवामी गिन्झान : आधी राख, मग भुयार

मंडळी, पत्रिकेत विषय 'एका दिवसात इवामी गिन्झान' असा छापलाय आणि तो दिवस कसा आखायचा हे मी सांगणारच आहे. पण आधी एक गोष्ट मनापासून मांडायची आहे. जपानच्या शिमाने प्रांतातल्या या चांदीच्या खाणीला २००७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लोक लांबून येतात, तडक र्‍यूगेन्जी भुयारात शिरतात, पंधरा मिनिटांत बाहेर येतात आणि म्हणतात, "एवढंच?" ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे. भुयारात फक्त दगड फोडला जायचा. चांदी व्हायची ती बाहेर, राखेत. ती राख ज्याला समजली, त्यालाच हे गाव दिसतं.

इथलं काम सुरू केलं हाकाता बंदरातल्या कामिया जुतेई या व्यापार्‍यानं, १५२७ च्या सुमारास. सुरुवातीला कच्चं खनिजच जहाजात भरून बाहेर पाठवावं लागे. मग १५३३ मध्ये कोरियाकडून एक पद्धत आली. तिला जपानीत म्हणतात हाइफुकी, म्हणजे राखेवर फुंकणं.

आता नीट ऐका. खनिज हातोडीनं बारीक कुटायचं, पाण्यात घोळवून हलकी माती काढून टाकायची. उरलेला जड भाग शिशाबरोबर वितळवायचा. शिसं चांदीला आपल्यात ओढून घेतं, दगडाचा मळ वर तरंगतो, तो काढून टाकायचा. हा शिसं-चांदीचा गोळा राख दाबून बसवलेल्या उथळ खळग्यात ठेवायचा आणि भात्यानं वारा घालत तापवायचा. शिसं हवेशी जळून त्याचं भस्म होतं, ते भस्म वितळून राखेत मुरतं. चांदी मुरत नाही. ती थेंबासारखी गोल होऊन वरच राहते. दिव्यातल्या वातीनं तेल शोषावं आणि काजळीचा कण वर राहावा, तसं.

यात बिघडायचं काय? राख ओली राहिली तर वाफ होऊन तापलेला धातू अंगावर उडतो. वारा कमी पडला तर शिसं पुरतं जळत नाही आणि चांदी मळकट उरते. आच उतरली तर भस्म मुरायच्या आधीच थिजतं. आणि सगळं बिनचूक जमलं, तरी शिशाची वाफ भट्टीशी बसणार्‍याच्या छातीत जातेच. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातला केर धुऊन त्यातलं सोनं काढणारे झारेकरी होते. ज्यांनी ते काम पाहिलंय, त्यांना राखेतल्या संपत्तीचं वेगळं सांगायला नको.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या चांदीपैकी सुमारे एक तृतीयांश जपानची होती असं मानतात, आणि त्यात या डोंगराचा वाटा मोठा. गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जाणारी पोर्तुगीज जहाजं चिनी रेशीम देऊन जपानी चांदीच घेत.

आणि माणसं? शंखात तेल घालून त्याचा दिवा करत, तोच घेऊन आत जात. धूळ छातीत जाऊ नये म्हणून नंतरच्या काळात तोंडाला मुखपट्टी आली. तिच्यात उमेबोशीचा, म्हणजे भाताबरोबर खातात त्या खारवलेल्या आंबट फळांचा, गर लावलेला असे. राकान्जी देवळासमोर कड्यात कोरलेल्या गुहांमध्ये पाचशे दगडी अर्हत, म्हणजे मुक्ती मिळवलेले बुद्धाचे शिष्य, बसलेत. खाणीत जीव गेलेल्यांसाठी कोरलेले हे अर्हत १७६६ मध्ये पूर्ण झाले. एक हसतोय, एक मान वळवून शेजार्‍याकडे बघतोय. तिथे घाई करू नका.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर पटकन दिवस सांगतो.

रेल्वेनं ओदाशी स्टेशनला उतरा, तिथून ओमोरीची, म्हणजे खाणीच्या गावाची, बस, सुमारे अर्धा तास. बसमध्ये चढताना क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, उतरताना पैसे द्यायचे; सुटी नाणी जवळ ठेवा. परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर टिपून घ्या, गाड्या थोड्या आहेत.

आधी जुन्या दंडाधिकार्‍याच्या कचेरीच्या जागेवरचं संग्रहालय, मग राकान्जी, मग भुयार. गावातून र्‍यूगेन्जीपर्यंत दोन किलोमीटरहून थोडं जास्त, सगळा हलका चढ. भुयारापर्यंत बस जात नाही. गाड्यांचा त्रास नको म्हणून गावानंच ती बंद करायला लावली. चालायचं नसेल तर विजेची सायकल भाड्यानं मिळते. भुयाराची खुली वाट २७३ मीटर, त्यातला शेवटचा भाग नवा खोदलेला. बाजूच्या भिंतीवर छिन्नीचे वळ बोटांना लागतात. आत उन्हाळ्यातही गार, खाली ओल. पातळ जाकीट आणि न घसरणारे बूट हवेत. बाहेर पडायचं तोंड वेगळं आहे, सामान आत शिरताना ठेवून जाऊ नका. ओकुबो भुयार मोठं आहे, पण ते वाटाड्याबरोबरच आणि ठरलेल्या दिवशीच दाखवतात, म्हणून आधी नोंदणी करा.

उतरताना शिमिझुदानीच्या चांदी गाळायच्या कारखान्याचे दगडी टप्पे बघा. १८९५ मध्ये मोठा खर्च करून उभारलेला हा कारखाना जेमतेम दीड वर्ष चालला.

मुक्काम युनोत्सुला करा. चांदीच्या काळातलं हे बंदर, आता गरम झर्‍यांचं गाव. कुंडात उतरण्याआधी अंग धुवायचं. पाणी चांगलंच कढत असतं, हळूहळू उतरा. सकाळी पलीकडच्या ओकिदोमारीच्या खाडीवर जा. जहाजांचे दोर बांधायला खडकालाच भोकं कोरलेली आहेत, ती पाण्याच्या कडेला अजून दिसतात.