चतुर समुद्र ओलांडतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती गावाला गेले, पितृपंधरवडा लागला, की माळरानावर, शाळेच्या मैदानावर, अगदी इमारतींच्या गच्च्यांवरही चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतात. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. त्यातला एक सोनेरी पिवळसर अंगाचा, बुडाशी रुंद पंखांचा चतुर नीट पाहा. बाकीचे चतुर गवताच्या काडीवर टेकतात, उडतात, पुन्हा तिथंच येऊन टेकतात. हा मात्र तासन्‌तास हवेतच असतो. शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स. वजन म्हणाल तर एक ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा. आज बोलायचं ते याच्याबद्दल, कारण हा किडा हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेत जातो.

हे लक्षात आलं ते मालदीवमध्ये. चार्ल्स अँडरसन हे सागरी जीवशास्त्रज्ञ १९८३ साली तिथं कामाला गेले. समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणारा माणूस, पण दर ऑक्टोबरात त्याचं लक्ष जायचं ते आकाशाकडे. राजधानी मालेवर अचानक लाखो चतुर उतरत. स्थानिक लोकांना त्यात नवल नव्हतं, दरवर्षीचंच ते. अँडरसन यांना मात्र कोडं पडलं. मालदीवची बेटं पोवळ्यांची. पाऊस धो धो पडतो, पण पाणी जमिनीत मुरून जातं. नदी नाही, ओढा नाही, तळी जवळजवळ नाहीतच. आणि चतुराची पिल्लं तर गोड्या पाण्यातच वाढतात. मग हे लाखो चतुर येतात कुठून?

अँडरसन यांनी वर्षानुवर्षं तारखा टिपून ठेवल्या. तारखांनीच बरंचसं सांगून टाकलं. दक्षिण भारतात थवे आधी दिसतात. मालेला ते सरासरी २१ ऑक्टोबरच्या सुमाराला पोहोचतात, मालदीवच्या दक्षिणेकडच्या बेटांवर त्यानंतर, सेशेल्समध्ये नोव्हेंबरात आणि आफ्रिकेच्या जवळच्या अल्दाब्रा बेटावर डिसेंबरात. म्हणजे वरात ईशान्येकडून नैऋत्येकडे सरकत होती. भारताच्या किनाऱ्यापासून मालदीवच्या निरनिराळ्या बेटांचं अंतर पाचशे ते हजार किलोमीटर, आणि मधे टेकायला काही नाही.

एक अडचण राहिली होती. ऑक्टोबरात मालेला जमिनीलगत वारा वाहतो तो पश्चिमेकडून. म्हणजे चतुरांच्या तोंडावर. इवलासा किडा शेकडो किलोमीटर वाऱ्याविरुद्ध झगडत येईल, हे काही पटत नाही. उत्तर वर होतं. त्याच दिवसांत साधारण हजार मीटरच्या वर वाऱ्याची दिशा उलटी असते, ईशान्येकडून. खालच्या वाऱ्याला बगल देऊन चतुर त्या वरच्या वाऱ्याला धरतात. अँडरसन यांनी ही सगळी मांडणी २००९ साली शोधनिबंधातून जगापुढे ठेवली. त्यांच्या हिशोबानं जाऊन-येऊन हा फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा आहे.

आता हा वारा आपल्या कोकणाला नवा नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, नारळी पौर्णिमेला सागराला नारळ द्यायचा आणि मगच पुन्हा पाण्यात शिरायचं, हा कोळीवाड्यांचा रिवाज याच वाऱ्यानं ठरवून दिला. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत आपल्या किनाऱ्यावरची सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं आहेत. इजिप्तकडच्या बंदरांतून भारताकडे निघायचं तर जुलैत निघा, असाही सल्ला त्यात आहे. जुलैत नैऋत्येचा वारा शिडं भरून इकडे आणायचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा परत न्यायचा. भर समुद्रातून थेट येण्याचं श्रेय त्या ग्रंथात हिप्पालस नावाच्या खलाशाला दिलंय. मला ते काही रुचत नाही. अरबी आणि भारतीय खलाशी या समुद्राच्या काठावर जन्मले, वाढले. वर्षातून दोनदा फिरणारा वारा त्यांना कळायला कुणा परक्याची वाट पाहावी लागली असेल, असं वाटत नाही. आणि चतुर तर या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासूनचे वाटसरू.

पण चतुरानं हा उपद्व्याप करावा तरी कशाला? पोटापाण्यासाठी, आणि इथं पाणी म्हणजे खरोखरच पाणी. हा चतुर अंडी घालतो ती पावसानं साचलेल्या डबक्यांत. कायमच्या तळ्यात पिल्लं खायला मासे टपलेले असतात, डबक्यात ती धास्ती नाही. धास्ती असते ती डबकं आटण्याची. म्हणून पिल्लांची वाढ झपाट्यानं होते, सहा-सात आठवड्यांत पंख फुटून ती बाहेर. तोवर इथला पाऊस सरलेला असतो. मग जिकडे पाऊस तिकडे ही मंडळी. आपला पावसाळा संपला की दक्षिण भारतातला परतीच्या वाऱ्याचा पाऊस, मग पूर्व आफ्रिकेतला, मग आणखी दक्षिणेला, आणि पुढच्या जूनमध्ये नैऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर पुन्हा भारत. पूर्ण फेरा एकच चतुर करत नाही. त्याला चार पिढ्या लागतात. जो गेला तो परत येत नाही, येतात ती त्याची पतवंडं. रस्ता दाखवायला घरातलं वडीलधारं कुणी नसतं, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत अचाट वाटते.

पुरावा काय, असं तुम्ही विचाराल. ससाण्याच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बांधता येतं. इथं यंत्राचंच वजन किड्याच्या वर जाईल. मग शास्त्रज्ञांनी पंख तपासले. पाण्यातला हायड्रोजन सगळीकडे सारखा नसतो, हलक्या आणि जड हायड्रोजनचं प्रमाण प्रदेशागणिक बदलतं. पिल्लू ज्या पाण्यात वाढतं त्याची खूण त्याच्या पंखांत कायमची राहते. मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांतली खूण २०१२ साली प्रसिद्ध झाली. ती जुळली उत्तर भारत, नेपाळ आणि कदाचित त्याही पलीकडच्या पाण्याशी. म्हणजे मालदीवला उतरण्याआधीच या किड्यांनी अर्धाअधिक भारत पालथा घातला होता.

या वाटेवर चतुर एकटे नसतात. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून येणारा अमूर ससाणा ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी हजारोंनी उतरतो, उडत्या वाळव्या खाऊन पुष्ट होतो आणि मग भारत आणि अरबी समुद्र एका दमात ओलांडून आफ्रिका गाठतो. २०१२ साली तिथं जाळी लावून या पक्ष्यांची भयंकर कत्तल झाली होती. त्याच गावांनी पुढच्या वर्षी शिकार पूर्ण थांबवली, आणि २०१३ च्या नोव्हेंबरात तीन पक्ष्यांवर यंत्रं बसवून त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी तिथलीच नावं दिली गेली. अँडरसन यांचा कयास असा, की समुद्रावरून जाताना हे ससाणे चतुरांवरच ताव मारत असावेत. तारखा जुळतात, वारा जुळतो. खुल्या समुद्रावर रात्री जाऊन हे पाहणार कोण, एवढाच प्रश्न.

उलट दिशेनं, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारा पाहुणा म्हणजे चातक. कवींनी त्याला पावसाच्या थेंबावर जगवलं. प्रत्यक्षात साहेब सुरवंट चापतात आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकून मोकळे होतात.

तेव्हा येत्या नोव्हेंबरच्या अखेरीला लोणावळ्याच्या आसपासच्या पठारांवर जाणं झालं, तर दुर्बीण बरोबर ठेवा. अमूर ससाणे तिथं दिसतात. नराचा रंग राखाडी, पाय तांबडे-नारिंगी, आणि उडताना पंखांच्या आतला पुढचा भाग पांढराशुभ्र. चतुर पाहायला मात्र तेवढं लांब जायला नको. संध्याकाळी झुडपांत डोकावा. आपला हा प्रवासी बसलाच तर आडवा बसत नाही, फांदीला उभा लोंबकळतो.

नमस्कार.