वाड्याचे स्ट्रक्चरल ऑडिट कोणाकडून करून घ्यावे?

नमस्कार. जुन्या वाड्यांवरील प्रत्येक व्हिडिओखाली आपण विचारता की, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आल्यावर वाडा वाचू शकतो का. मालकीचे कागद, भाडेकरूंची बैठक, छायाचित्रे ही तयारी आपण करालच. मला बोलायचे आहे ते स्ट्रक्चरल ऑडिटविषयी, म्हणजे अभियंत्याने इमारतीच्या मजबुतीची तपासणी करून दिलेल्या अहवालाविषयी, कारण बहुतेक वाड्यांचे भवितव्य तिथेच ठरते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 नुसार आयुक्त धोकादायक बांधकाम पाडण्याचा आदेश देऊ शकतात, तसेच ते सुरक्षित करण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा आदेशही देऊ शकतात. यांपैकी काय करायचे, हे प्रत्यक्षात अभियंत्याचा अहवाल ठरवतो. ‘सी-1’ शेरा पडला की इमारत रिकामी करून पाडायची. ‘सी-2ए’ पडला तर ती रिकामी करून मोठी दुरुस्ती करता येते.

हा शेरा देणाऱ्याला चुना, माती आणि सागवान कळते का, हे आधी विचारा. माझ्या आजोळच्या वाड्यात आलेल्या अभियंत्याने काँक्रीटचा पृष्ठभाग किती कठीण आहे हे मोजणारा हातोडा पांढऱ्या मातीच्या भिंतीवर टेकवला आणि तिला निकामी ठरवले. त्या भिंतीत काँक्रीट नव्हतेच, मग त्या आकड्याला अर्थ काय? वाड्याचा भार खांब, तुळया आणि जाड भिंती मिळून वाहतात. म्हणून तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजले आहे का, हे टोचून पाहावे लागते. टोक कुजलेले असेल, तर तेवढाच भाग कापून नवे लाकूड सांध्याने जोडता येते. त्यासाठी सबंध वाडा पाडण्याची शिफारस होते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

एका प्रेक्षकाने लिहिले आहे की, वारसा यादीत नाव असले की काळजी मिटते. मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे, तिच्यात श्रेणीही आहेत, परंतु यादी गळणारे छप्पर दुरुस्त करत नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, पाहा. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंचे चित्रपट जिथे दाखवले गेले, ती ओतीव लोखंडी सांगाड्याची इमारत वारसा यादीत असूनही 2005 मध्ये तिचा काही भाग कोसळला. 2019 मध्ये एका तांत्रिक अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, तर वारसा-संवर्धनाच्या जाणकारांनी ती दुरुस्त होऊ शकते असे सांगितले. इमारत तीच असूनही पाहणाऱ्यांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध होते.

म्हणून नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, संवर्धनाचा अनुभव असलेल्या अभियंत्याचा स्वतंत्र अहवाल त्याला जोडा आणि तात्पुरते टेकू लावून राहणाऱ्यांची सुरक्षितता आधी साधा. पावसाळ्यापूर्वी सरकलेली कौले आणि तुंबलेल्या पन्हळी नीट करून घ्या. भिंतींना सिमेंटचा गिलावा मात्र देऊ नका, कारण तो ओल आतच कोंडतो आणि तीच ओल पुढे तुळईच्या टोकापर्यंत पोहोचते.