बिल किती दिवसांत देता?

मित्रहो, आजचा विषय ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार. तिन्हींवर बोलायचंय, पण सुरुवात आमच्या शॉपमधून करतो.

भोसरीला आमचं झिंक प्लेटिंगचं काम आहे. नट-बोल्ट, ब्रॅकेट येतात, ॲसिडमध्ये धुतले जातात, जस्त चढतं आणि शेवटी पॅसिव्हेशन, म्हणजे जस्त गंजू नये म्हणून वर रसायनाचा पातळ थर. पूर्वी हे पॅसिव्हेशन पिवळं असायचं, हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचं, म्हणजे क्रोमियमच्या विषारी प्रकाराचं. त्या टाकीवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचे हात तुमच्यापैकी कुणी पाहिलेत का? बोटांना छिद्रं पडतात. फारशी दुखत नाहीत, पण लवकर भरूनही येत नाहीत. आमच्या टाकीवरच्या काकांच्या बोटांवर अशी दोन होती. मुलीच्या लग्नात ते सबंध वेळ उजवा हात खिशात घालून उभे होते. ते मी पाहिलं आणि ट्रायव्हॅलंटवर, म्हणजे क्रोमियमच्या कमी घातक प्रकारावर गेलो. केमिकल महाग, शिवाय टाकीचा पीएच, म्हणजे आम्लता, सारखा सांभाळावा लागतो. ज्या मोठ्या कंपनीचा माल करतो, तिच्याकडे किलोमागे थोडा दर वाढवून मागितला. परचेसचे साहेब म्हणाले, "काम चांगलं करताय, पण दर तोच."

पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीच्या ईएसजी विभागाची प्रश्नावली आली. जैवविविधतेचं धोरण काय? संचालक मंडळावर महिला किती? ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा, गाळ कुठे जातो? हा शेवटचा प्रश्न रास्त होता. गाळ पोत्यांत भरून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या प्रकल्पावर जातो, पावत्या फाइलला आहेत. पण त्या आठवड्यात याच कंपनीकडे आमचं ११० दिवसांचं बिल थकलेलं होतं. गाळाच्या गाडीचे पैसे मी बायकोची एफडी मोडून दिले. मला याचा राग आहे आणि आजही तो गेलेला नाही. आमचे पैसे कधी मिळतात, हे त्या प्रश्नावलीत कुठेच विचारलेलं नव्हतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा झटपट मांडतो.

२००६च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण ते मागतो कोण? मागणाऱ्याची पुढची ऑर्डर जाते. मग प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं. बिल मुदतीत दिलं नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही. निदान वर्षअखेरीला तरी फोन उचलले जाऊ लागले.

आता सेबी, म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था. २०२२-२३पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे जबाबदार कारभाराचा आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा आहे. त्यात नऊ तत्त्वं आहेत. पहिल्याच तत्त्वाखाली आता एक आकडा द्यावा लागतो: पुरवठादारांची देणी सरासरी किती दिवसांची आहेत. माझं म्हणणं एवढंच, की कारभार आधी या आकड्यावरून जोखा. पुरस्कारांवरून नको. सत्यम या आयटी कंपनीला २००८मध्ये उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता आणि ७ जानेवारी २००९ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं, हिशेब फुगवल्याचं कबुलीपत्र आलं. आणि हा आकडा केवळ कारभाराचा नाही. आमचे पैसे अडकले की आधी गाळाची गाडी लांबते, मग हातमोजे.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे शेअर्स आहेत, त्यांनी आज घरी जाऊन आपल्या कंपनीचा अहवाल उघडा आणि हा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. वाढला असेल तर वार्षिक सभेत कारण विचारा. तिथे तुम्हाला प्रश्न विचारता येतो, आम्हाला नाही.