कानात बसेल तेच वाजेल

नमस्कार. माझी जागा एरवी मिक्सरमागे. नाटकांना, मैफलींना साउंड देतो. आज माइकपुढे उभं केलंय, सांभाळून घ्या.

मध्यंतरी मी दीड हजाराचे वायरवाले इअरफोन आणले. पाच मिनिटं ऐकले आणि ठरवलं, पत्रा वाजतोय, पैसे गेले. महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून होते. मग एकदा डबी झटकली, तर तळाशी इअरफोनच्या टोकाला लावायची आणखी रबरं निघाली, लहान आणि मोठी. उजव्या कानाला मोठं बसलं, डाव्याला मधलंच. माझे दोन कान सारखे नाहीत हे पन्नाशी उलटल्यावर कळलं! आणि त्याच इअरफोनमधून तबल्याचा डग्गा एकदम भरून आला.

सायकलचा पंप आठवा. वॉशर गेला की दांडा कितीही मारा, ट्यूबमध्ये हवा जात नाही. इथंही तेच. कानाच्या नळीतली एवढीशी हवा इअरफोनमधला पडदा हलवतो. रबराच्या कडेनं फट राहिली की तो दाब निसटतो आणि पहिला बळी बेसचा जातो. म्हणून दुकानात ‘याला बेस नाही’ म्हणण्याआधी रबर बदला. कानाची पाळी मागं ओढून आत बसवा. बाहेरचं बोलणं दबलं, की बसलं.

परीक्षा कशावर घ्यायची? आपल्याला लांब जायला नको. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग लावा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात, तेव्हा एका तारेतून स्वरांचं मोहोळ उठतं. इअरफोन बरा असेल तर खर्ज खाली वेगळा उभा राहतो आणि वर ती जवारी झिणझिणत राहते. वाईट असेल तर खर्जाचा नुसता हुंकार होतो, नाहीतर जवारी कानाला टोचते. ‘एक्स्ट्रा बेस’वाल्यांत गवई तर विहिरीतून गातो.

डबीवर २० ते २०,००० हर्ट्झ लिहिलेलं असतं. ते जवळपास सगळेच लिहितात. त्यातला कुठला स्वर दाबलाय, कुठला फुगवलाय, ते त्या आकड्यात येत नाही. ड्रायव्हर, म्हणजे आत आवाज काढणारा भाग, दहा मिलिमीटरचा म्हणून आवाज चांगला, हेही खरं नाही.

वायरलेस घ्या, एसटीत सोयीचं असतं. पण त्याच पैशात बॅटरी, ब्लूटूथ, चार्जिंगची डबी सगळं बसवायचं असतं, मग आवाजाच्या वाट्याला कमी उरतं. शिवाय दोन-तीन वर्षांत बॅटरी दमते आणि ती बदलून देणारा सहसा सापडत नाही. मी वायरवालेच घेतो, तेही वायर निघणारे. मूनड्रॉप कंपनीच्या चू टू सारख्या स्वस्तातल्या जोडीलाही ती सोय आहे. वायर तुटते ती पिनेपाशी, मग नुसती वायर बदलायची. मोबाइलला गोल पिनेचं भोक नसेल तर टाइप-सीचं कनेक्टर घ्या.

आणि रबर नीट बसलं की एसटीची घरघर आपोआप दबते, आवाज कमी ठेवून भागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. आवाज तीन डेसिबलनं वाढवला की वेळ निम्मा.

हा डबा फिरवतोय, सगळ्या मापांची रबरं आहेत. ज्यानं त्यानं घालून बघा. बाटलीत स्पिरिट आहे, पुसून मगच पुढे द्या.