गळ दुसऱ्याच्या हाती

(दृश्य: पवई तलावाचा काठ, सकाळ. पलीकडे उंच इमारती. रस्त्यावरून बस गेल्याचा आवाज.)

मुंबईत मासा म्हटला की समुद्रच आठवतो. पापलेट, सुरमई, बोंबील, मांदेली. गोड्या पाण्यातल्या माशाचं नाव काढलं की समोरचा नाक मुरडतो. 'काटे फार', 'चिखलाचा वास येतो', ही दोन वाक्यं ठरलेली. रोहू आणि कटला इथल्या बाजारात रोज येतात, पण ते घेणारी घरं बहुतेक बंगाली, नाहीतर उत्तरेकडची. मालवणी किंवा सीकेपी स्वयंपाकघरात त्यांना मान नाही.

अशा या शहरात एक माणूस लोकांना गोड्या पाण्यावर नेतो, गळ टाकायला शिकवतो आणि त्याचे पैसे घेतो. काठावरचे सगळे त्यांना काका म्हणतात. कॅमेऱ्यासमोर नाव सांगायला ते तयार नव्हते. "नाव कशाला? पाणी दाखवा," म्हणाले.

काकांची नोकरी विक्रोळीच्या एका कारखान्यात झाली, मशीनसमोर उभं राहून. रात्रपाळी सुटली की घरी न जाता ते सायकलवरून थेट पवईला यायचे. पिशवीत लाकडी फळीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोर, दोन-चार गळ, शिशाचे तुकडे आणि आदल्या दिवशीचा पाव. रॉड आणि रील ही चैन फार नंतरची. काकू काय म्हणायच्या, असं आम्ही विचारलं. "ती म्हणायची, दुसरी बाई असती तर भांडता तरी आलं असतं."

निवृत्तीनंतर धंदा सुरू झाला तोही फुकटात. शेजारी बसलेल्या नवख्याचा दोर गुंतला की सोडवून द्यायचा, गाठ मारून द्यायची. मग कुणी म्हणालं, माझ्या मुलाला शिकवाल का, तुमचा वेळ जातो तर काही घ्या. काकांनी आधी चहावर भागवलं. पुढं येणारे इतके वाढले की चहात भागेना.

(दृश्य: टेकड्या, झाडी, मधे पाण्याचा तुकडा.)

मुंबईच्या हद्दीत तीन मोठे तलाव जवळजवळ आहेत. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ सालचा आणि पवई १८९०-९१च्या सुमाराचा. पहिले दोन आजही शहराला पिण्याचं पाणी देतात, म्हणून तिथं गळ टाकायला मनाई. पवईचं पाणी पिण्यालायक ठरलं नाही. ते आरे कॉलनीला आणि कारखान्यांना वापरायला जातं. पिण्याच्या परीक्षेत नापास झालेलं हे पाणी गळवाल्यांच्या वाट्याला आलं. १९३०च्या दशकापासून इथं हौशी गळवाल्यांची संघटना आहे. आज तिला महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन म्हणतात. परवाना हातात आल्याशिवाय काका पिशवीची चेनसुद्धा उघडत नाहीत.

ही साहेबांची हौस, असं कुणी म्हटलेलं काकांना खपत नाही, आणि ते बरोबर आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाने मन कसं रमवावं याची त्यात जंत्री आहे आणि त्यातच मत्स्यविनोद येतो, म्हणजे गळाने मासे धरण्याचा खेळ. कुठला मासा, कसला दोर, कोणतं आमिष, सगळं तपशिलात. दख्खनचा राजा काठावर बसून मासा गळाला लागण्याची वाट बघत होता. त्याच्यामागे कोण उभं राहून काय शिकवत होतं, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. तो आपल्या काकांचा पूर्वज.

(दृश्य: दोन खुर्च्या, एक छत्री. आई आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी.)

आज ठाण्याहून मायलेकी आल्या आहेत. मुलगी मोबाइलवर मासेमारीचे व्हिडिओ बघते आणि तिला आता खरा मासा हवा आहे. दांड्या तयार आहेत, पण काका त्या हातात देत नाहीत. बाळा, काय दिसतंय, विचारतात. मुलगी म्हणते, पाणी. "आणखी?" मुलगी आईकडे बघते.

इथून पुढं बराच वेळ कुणी गळ टाकत नाही, फक्त बघायचं. बारीक बुडबुड्यांची रांग पुढं सरकत येत असेल तर खाली मृगळ मासा चिखल उकरतोय. मधेच एकच मोठा बुडबुडा येऊन फुटला तर तो बहुतेक गाळातला वायू, त्याच्या नादी लागू नका. वारा ज्या काठाला येऊन आदळतो तिथं तरंगणारं खाणं गोळा होतं, मग मासाही तिकडे. आणि आभाळ दाटलंय, उकाडा आहे, पान हलत नाही अशा पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासताना दिसले, तर सामान गुंडाळायचं आणि घरी जायचं. त्यांना हवा कमी पडलेली असते, खायचं भान नसतं.

मग माशाचं तोंड. काका पाटीवर खडूने काढून दाखवतात. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं, म्हणून तो वरच्या थरात खातो. रोहूच्या ओठांना झालर, तो मधे. मृगळ तळाला. तिघं एकाच पाण्यात राहतात आणि एकमेकांच्या ताटात फारसा हात घालत नाहीत. कोण हवाय ते आधी ठरवा, मग बूच, म्हणजे दोरावरचा तरंगता तुकडा, किती वर बांधायचं ते ठरतं. शाळेत हे चित्र बघितल्यावर आपण गुण मिळवून विसरून जातो. इथं त्याच्यावर मासा लागतो.

(दृश्य: परातीत पीठ मळणारे हात.)

आमिष म्हणजे भिजवलेली शेंगदाण्याची पेंड, मैदा, कुस्करलेला पाव आणि मसाला. प्रत्येक गळवाल्याचा मसाला गुपित असतो, आणि प्रत्येकाच्या गुपितात मेथी असतेच. गोळा घट्ट झाला तर पाण्यात विरघळत नाही, मासा वास घेऊन निघून जातो. सैल झाला तर गळ फेकतानाच उडून पडतो. काका शब्द शोधत होते तोवर आईनं परात पुढं ओढली आणि दोन मिनिटांत पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल पीठ मळून दिलं. काकांनी एक गोळी बोटांत दाबून पाहिली आणि तो विषय तिथेच सोडला.

पहिला तास तिलापियाने खाल्ला. उजनीकडे चिलापी म्हणतात तो हाच. परदेशातून आणलेला, कुठल्याही पाण्यात तग धरणारा, आणि बारीक बारीक चावे घेऊन गळ साफ करून जाणारा. मुलगी कंटाळली. आई फोन बघू लागली. काका काही बोलले नाहीत. कंटाळा येऊ द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. तो आला आणि गेला की माणूस बघायला लागतो.

मग बूच दोनदा थरथरलं, आडवं झालं आणि सरकू लागलं.

हा क्षण आम्ही पुन्हा पुन्हा लावून पाहिला. चित्रात मुलीच्या मागं काकांचा उजवा हात दिसतो. तो आपसूक पुढं येतो, दांडीच्या अगदी जवळ, आणि थांबतो. मग तो हात ते पाठीमागं नेतात आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवतात. "उचल. आता. झटका नको, नुसती उचल." दांडी वाकते. रील करकरू लागतं. "पळतोय तर पळू दे. ओढू नकोस. थांबला की गुंडाळ. परत निघाला की सोड." मुलीचे हात थरथरतायत, आई उभी राहिली आहे, काका हात मागं बांधून तसेच.

रोहू होता. फार मोठा नव्हता. जाळ्यात घेतला, आणि मासा धरण्याआधी काकांनी मुलीला दोन्ही हात पाण्यात बुडवायला लावले. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, रोगांपासून त्याला वाचवणारा. कोरड्या हातानं तो निघून येतो. ज्या गळाला उलटा दात नाही तोच गळ वापरायचा, म्हणजे ओठ फाटत नाही. पोटाखाली हात धरायचा. फोटो एकच. मग पाण्यात तसाच धरून ठेवायचा, तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत.

"घरी नाही न्यायचा?" मुलीनं विचारलं. काकांनी तलावात येणाऱ्या सांडपाण्याचं सांगितलं, मासे टिकले पाहिजेत हे सांगितलं. नंतर, मायलेकी जरा लांब गेल्यावर, आम्हाला म्हणाले, "आणि तोच मासा पुढच्या रविवारी दुसऱ्याला लागतो. माझा धंदा त्याच्यावर."

(दृश्य: काका सामान आवरताना.)

आवडीच्या कामाचे पैसे मिळतात म्हणजे नशीबवान, असं आपण सहज म्हणून टाकतो. काकांकडे बघून ते म्हणणं जरा जड जातं. गिऱ्हाईक असताना ते स्वतःची दांडी लावत नाहीत. "माझं बूच हललं तर मी तुमच्याकडे बघणार कसा?" सुट्टीचे दिवस गिऱ्हाइकाचे, उन्हाळ्याची सुट्टी पोरांची. आयुष्यभर ज्या रविवारची वाट पाहिली, तो रविवार आता दुसऱ्याला विकायचा. दारूच्या बाटल्या घेऊन येणाऱ्या टोळ्यांना ते नाही म्हणतात. फक्त मोबाइलवर रील बनवायला येणाऱ्यांना आधी नाही म्हणायचे, आता म्हणत नाहीत. त्याचं दुःख वाटतं का, विचारलं. म्हणाले, "पोरीचा चेहरा बघितलात ना?" आम्ही बघितला होता. तरी तो मागं बांधलेला हातही बघितला होता.

या तलावातले रोहू-कटला मूळचे इथले नाहीत. गंगेच्या खोऱ्यातले हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, पण तिथं अंडी घालत नाहीत. त्याला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. पूर्वी म्हणून नद्यांतून जिरे, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं, गोळा करून आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. तेव्हापासून बीज हवं तिथं तयार होऊ लागलं, आणि देशभरच्या तलावांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली जाऊ लागली. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे तो त्यामुळे.

मरळ मात्र इथलाच. हवा घ्यायला तो वर येतो, म्हणून गढूळ पाण्यातही जगतो. त्याची पिल्लं तांबूस पुंजक्यानं पृष्ठभागावर फिरतात आणि आईबाप खालून राखण करतात. पुंजका दिसला की काका त्या बाजूला कुणाला गळ टाकू देत नाहीत. राखणदार गेला की पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात.

आणि मगरी. पवईत मगरी आहेत. म्हणून पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, कडेला वाकून हात धुवायचे नाहीत, अंधार पडायच्या आत वर यायचं. एवढं सोडलं तर काकांना मगरीपेक्षा जलपर्णीची भीती जास्त वाटते. सांडपाण्यावर पोसलेली ही वनस्पती पाण्यावर गालिचा पसरते, खाली उजेड जात नाही, आणि कुजली की पाण्यातला प्राणवायू खाते. तलावाकाठच्या सायकल ट्रॅकचं काम मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवलं, तेव्हा काठावर पेढे वाटले गेले. जलपर्णीवर असा निकाल कुठलं कोर्ट देणार?

(दृश्य: पहिला पाऊस. भरलेला तलाव, सांडव्यावरून पडणारं पाणी.)

जून लागला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद, बाजारात पापलेटचे भाव चढलेले. याच दिवसांत गोड्या पाण्याचं नाव निघतं. काका रायगडचे. त्यांच्या गावाकडं पहिल्या मोठ्या पावसाला वलगण लागते. शिंगटी, खवली, मरळ, सगळे ओढ्यातून चढणीला लागतात, भातखाचरात शिरतात, अंडी घालायला. रात्री बत्ती घेऊन अख्खं गाव खाचरात. पोटात गाबोळी भरलेले ते मासे आणि त्यांचं कालवण, यावर काका अजूनही पाच मिनिटं बोलू शकतात. मग थांबून म्हणतात, "आता नाही धरवत. अंडी घालायला निघालेला मासा धरायचा म्हणजे पुढचं साल आजच खायचं."

पवई भरून वाहू लागला की सांडव्याखाली पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, घेऊन झुंबड उडते. तिथून पाणी मिठी नदीला जातं. काका वर उभे राहून बघतात, खाली उतरत नाहीत. कुणी मोठा मासा काढला की मान वाकवून तो कोणता हे मात्र बघतातच.

(दृश्य: काका फोनवर.)

"हां, बोला… नाही हो, लागेलच असं मी सांगत नाही. सांगणारे आहेत, त्यांच्याकडे जा… पैसे तेवढेच, लागला काय, न लागला काय… टोपी आणा. गडद कपडे घाला, पांढरा शर्ट नको. सेंट लावू नका, हाताला राहतो नि पिठाला लागतो. मुलं असतील तर एक जादा जोडी कपडे… आणि जेवणाचा डबा आणा. नाही नाही, मासा भाजायचा नाहीये. डबा आणा. पोळी-भाजी चालेल."